मिलोच्या कण्या

भादव्यात पाऊस चार दिवस उघडीप देतो तेव्हाचं ऊन वेगळंच असतं. दोन-अडीच महिने कोंदटलेली घरं एकदम दारं उघडतात आणि जे जे ओलसर झालं ते सगळं बाहेर काढतात. गोधड्या, उशा, पापडांचे डबे, मिरच्या, डाळी. परवा पालघरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर असाच सगळ्यांचा संसार उन्हाला पडला होता. एका कोपऱ्यात कुणीतरी जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, अख्खी बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली होती. सून नाकाला ओढणी लावून गोधडी झटकत होती. मी खुर्ची ओढत त्या जवळ्यापाशी नेली आणि तिथंच बसलो.

"बाबा, वास येत नाही का तुम्हाला?"

"येतो ना. म्हणून तर बसलो."

ती हसली आणि कामाला लागली. मी मात्र त्या वासाबरोबर समुद्रकाठच्या चिंचणीला जाऊन पोचलो होतो. सहासष्ट साल. माझं वय बावीस. आणि असंच ऊन.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या मुलखातला. वडील माझ्या लहानपणीच गेले. घरी आई आणि पाठच्या दोन बहिणी. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, तिथं माणसं घेतात, असं गावातल्या एका गवंड्यानं सांगितलं. मी एक पत्र्याची ट्रंक घेऊन ऐन आषाढात बोईसरला उतरलो. बोईसर तेव्हा एवढंसं होतं. स्टेशन, चार दुकानं, आणि त्यांच्या पाठीला टेकलेली भाताची खाचरं. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. गावाकडे घागरभर पाण्यासाठी बहिणी मैलभर जात होत्या, आणि इथं बेडूक रस्त्यावरून आरामात चालले होते. मला त्या पाण्याचा रागच आला होता, हे आजही आठवतं.

पाइप जोडणाऱ्या एका फिटरच्या हाताखाली काम मिळालं. राहायला जागा मिळाली चिंचणीला, जानकीमावशीच्या पडवीत. जानकीमावशी मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजातली, पंचेचाळिशीची. नवरा होडीवर गेला तो परत आला नाही, त्याला दहा वर्षं झालेली. सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन ती आतल्या गावांत विकायला जायची. घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा, दोघंच. सासऱ्यांना मी आजोबा म्हणायचो. ऐंशीच्या घरातले, तोंडात एक दात नाही, डोळ्यांना जेमतेम दिसायचं. पण ओटीवर बसून बोटांच्या अंदाजानं जाळं विणायचे. आणि बोलणं? जवळ्याच्या चटणीपेक्षा तिखट.

पगार झाला की मी पहिल्यांदा पोस्टात जायचो. मनिऑर्डर गेली की मन हलकं व्हायचं आणि पुढचे सगळे दिवस पोटही. रेशनकार्डावर माझं नाव गावाकडे होतं, त्यामुळे इथं स्वस्त धान्य मिळायचं नाही. सकाळी साइटवर चहा-पाव. दुपारी मूठभर फुटाणे, वर भरपूर पाणी. संध्याकाळी जमलं तर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. भूक अशी भरकन लागत नाही, ती हळूहळू माणसाच्या सवयी बदलते. मी सावकाश चालायला शिकलो. शिडी चढताना मधेच थांबून पाइपाकडे उगाच निरखून बघायला शिकलो, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. मावशी लसणाची फोडणी टाकायची तेव्हा मी छत्री घेऊन समुद्रावर फेरी मारायला जायचो. एवढ्या पावसात समुद्रावर काय ठेवलंय, असं शेजारच्या बायका एकमेकींना विचारायच्या.

"जेवलास काय?" मावशी रोज विचारायची.

"साइटवर जेवलो, मावशी," मी रोज सांगायचो.

श्रावणातली एक सकाळ. मी विहिरीवर तोंड धूत होतो. मावशी शेजारी राखेनं भांडी घासत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "दत्तू, तुजा टोप कुटं हाय?"

"पडवीत आहे की."

"आठ दिस झाले, घासाला आनला नाय तू."

मी काहीतरी पुटपुटलो. कामावरच जेवण होतं, टोप कशाला खराब करायचा, असलं काही.

तेव्हा तिनं मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कामावरचं जेवन चांगलंच अंगी लागलंय तुज्या. गालफाडं बग जरा." आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. मला वाटलं, आता ही ताट घेऊन दारात येईल, आणि तसं झालं तर मी ही खोली सोडेन, असं मी कामावर जाता जाता ठरवूनही टाकलं. बावीस वर्षांच्या माणसाला पोटापेक्षा मानच मोठी वाटते.

ती ताट घेऊन आली नाही. संध्याकाळी आली ती एक गंजका डबा घेऊन. डबा माझ्यासमोर आपटला आणि झाकण उघडलं. आत लालसर, टपोरे दाणे.

"ह्यो काय दाना हाय, बग. तुमच्या घाटावर खातात ना असला?"

तो मिलो होता. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्या वर्षी तांदळाची टंचाई होती आणि रेशनवर तांदळाऐवजी हाच माथी मारला जात होता. भात खाणाऱ्या त्या किनाऱ्यावर त्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. शिजवला तर कच्चा राहायचा, पीठ केलं तर भाकरी तव्यावर जाण्याआधीच हातात फुटायची. घरोघरी तो कोंबड्यांना घातला जात होता.

"घरातले तांदूळ सरले," मावशी खाली बसत म्हणाली. "दहा दिस झाले, म्हातारा जेवत नाय. म्यां ह्याची भाकर केली, तं थुंकला. कोंबडी समजली काय मला, बोलतो. नाचनीची पेज पितो चमचाभर, नि झोपतो." तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "दर्यानं माजा मानूस नेला. हा उपाशी मेला तं मी त्याला काय तोंड दाखवू? तुला येत असंल तं शिकव मला."

मी डब्यात हात घातला. दाणे बोटांतून सोडले. आमच्या शाळूसारखे मोत्यासारखे नव्हते, पण ज्वारीच होती ती. सावत्र का होईना, नात्यातली. किती दिवसांनी हाताला ज्वारी लागली होती.

"मावशी, जातं आहे का घरात?"

आई आजारी पडायची तेव्हा घरातला थोरला म्हणून दळण माझ्याकडे यायचं, त्यामुळे मला सगळं येत होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पहाटे उठून मिलोला पाण्याचा हात लावला, उखळात घालून हलक्या हातानं सडला, कोंडा पाखडून टाकला. मग जात्यावर बसलो. पीठ करायचं नव्हतं, नुसतं भरडायचं होतं. जात्याची घरघर सुरू झाली आणि आईच्या ओवीची चाल आपोआप नाकातून गुणगुणायला लागली. कुडापलीकडे शेजारच्या बायका जमल्या. बाप्या दळतोय म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. एक जण म्हणाली, "जानके, सून बरी आनलीस गो!"

ओटीवरून आजोबांचा आवाज आला. "कोन दळतं?"

"घाटावला दळतो," मावशीनं सांगितलं.

"बाईल मेली काय त्याची?"

"लगीन नाय झालं त्याचं."

"मंग होईल लवकर," आजोबा म्हणाले, आणि सगळी आळी हसली.

कण्या आमच्याकडे ताकात शिजवतात. इथं ताक कुठलं? मावशीनं परसातला एक नारळ फोडला आणि त्याचं दूध काढलं. पाण्यात मीठ घालून कण्या मऊ होईपर्यंत शिजवल्या, शेवटी नारळाचं दूध घातलं आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. त्या फोडणीला मी पहिल्यांदाच छत्री न घेता घरात बसलो होतो. मावशीनं वाडगा आजोबांच्या हातात दिला. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी नाकाजवळ नेला, वास घेतला, एक घास तोंडात फिरवला. आम्ही दोघं बघत उभे. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि मग वाडगा तोंडालाच लावला. खाली ठेवला तेव्हा तो आतून पुसल्यासारखा होता.

"कोंबड्यांचं नशीब चांगलं होतं इतके दिस," एवढंच बोलले.

मावशी पाठ फिरवून चुलीकडे गेली. बराच वेळ लाकडं नीट करत बसली. मग माझ्यापुढे ताट आलं. मोठं, कडेपर्यंत भरलेलं. "दळनाऱ्यानं आधी खायाचं असतं आमच्याकडं," ती म्हणाली. असली काही रीत तिकडे नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आणि आणखी एक गोष्टही तेव्हा सुचली नाही. चिंचणीत घाटावरची कितीतरी बिऱ्हाडं आली होती, ज्वारीत हयात गेलेल्या बायका होत्या त्यांच्यात. कण्या शिकायला मावशीला माझ्याकडे यायची गरज नव्हती.

त्या दिवशी मी किती जेवलो ते सांगवत नाही. जेवल्यावर तिथंच भिंतीला टेकलो आणि डोळे मिटले. पोट भरलं की कान उघडतात की काय कोण जाणे, त्या दुपारी मला पहिल्यांदा पावसाचा आवाज चांगला वाटला.

मग रोजचंच झालं. सकाळी मी दळायचो, मावशी शिजवायची, तिघं एकत्र जेवायचो. मी गरम पाण्यात पीठ उकडून भाकरी करायची हातोटी तिला शिकवली, आणि तिनं ती आळीला. बायका आपापला मिलो घेऊन यायला लागल्या. आल्या की हातात काहीतरी असायचंच. केळफूल, अळूची पानं, शेवग्याचा पाला, मे महिन्यात राखेत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. आठळ्या उकडून मीठ लावून खाल्ल्या की दुपारपर्यंत भूक जवळ यायची नाही. कुंपणाकडेला माजलेला टाकळा मी गवत समजत होतो. मावशीनं त्याची कोवळी पानं खुडून मूठभर वालाबरोबर शिजवली. पुढं साइटवरून येताना मीच खिसे भरून टाकळा आणायला लागलो. त्या घरात काहीही फुकट जात नव्हतं. पेजेचं पाणी, केळीचा गाभा, कण्या चाळून उरलेला चुरा, सगळ्याला जागा होती. गरिबीला चव असते असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चव गरिबीला नव्हती, मावशीच्या हाताला होती, आणि गरिबी असूनही होती.

मासळीचा प्रश्न मात्र राहिला होता. आमचं घर माळकरी. मी मासा कधी तोंडात घातलेला नव्हता. सुकटीच्या वासानं सुरुवातीला मला मळमळायचं. मावशीनं कधी आग्रह केला नाही. माझ्यासाठी चटणी वेगळी, पळी वेगळी. स्वतःचा जवळा ती परसात तीन दगडांवर भाजायची, का, तर मला वास लागू नये. भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. हे मी पंधरा दिवस बघितलं. मग एके दिवशी, असंच भादव्याचं ऊन पडलं होतं आणि अंगणभर जवळा पसरला होता, तेव्हा मी कण्यांचं ताट घेऊन अंगणात तिच्याशेजारी जाऊन बसलो.

"मावशी, मला पण वाढा थोडा."

"नको रं. आयेला काय सांगशील?"

"तुम्ही दिला म्हणून सांगेन."

तिनं चिमूटभर वाढला, कांदा-मिरची घालून परतलेला. मी खाल्ला. पहिला घास कसाबसा गेला. दुसरा बरा गेला. तिसऱ्याला मी पुन्हा मागितला. आजोबा ओटीवरून ओरडले, "बाटला! घाटावला बाटला!" आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यानंतर परसातली ती तीन दगडांची चूल पुन्हा पेटली नाही.

सोमीबद्दल सांगितलं नाही तर हे सगळं अपुरं राहील. सोमी पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची वारली बाई. कंटोळी, म्हणजे रानातली करटोली, घेऊन यायची आणि बदल्यात सुकट घेऊन जायची. आम्ही स्वतःला गरीब समजत होतो ते सोमी ओटीच्या पायरीवर बसेपर्यंत. डोंगरात भादवा सगळ्यात कठीण. मागल्या वर्षीचा दाणा संपलेला, नवं भात अजून हिरवं. त्या वर्षी एक दिवस ती रिकामी टोपली घेऊनच आली. कंटोळी संपली होती. काही मागितलं नाही, नुसती बसली. मावशीनं कण्यांचा वाडगा दिला. तिनं अर्ध्या खाल्ल्या आणि अर्ध्या पानात बांधायला लागली.

"ते खा. पोरांना दुसरं देते," मावशी दटावून म्हणाली.

"घरात काय शिजवता हल्ली?" मी विचारलं.

"रानातला कडूकांद," ती म्हणाली. "चिरायचा, राख घालून उकडायचा, टोपलीत घालून रातभर ओहोळाच्या पान्यात ठेवायचा. तवा कडू जातो. घाई केली तं जीभ सुजते."

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा पानात बांधलेल्या कडूकांदाच्या पांढऱ्या चकत्या माझ्या हातात ठेवल्या. "तुजेसाटी. तू दळला, माजे पोरांनी खाल्ला." चव पिठूळ होती, मागून थोडी कडवट. दोन दिवसांची मेहनत होती ती, आणि तिच्या स्वतःच्या घरात पुरेशी नसताना आणलेली. मी आजवर कितीतरी लग्नांच्या पंगतींत जेवलो, त्यातलं एकही पान आठवत नाही. त्या चकत्या आठवतात.

आश्विन लागला आणि सोमीकडचं लवकर पिकणारं हळवं भात तयार झालं. पाड्यावर देवाला नवं भात दाखवून झाल्यावर ती फडक्यात नवे तांदूळ बांधून घेऊन आली. मावशीनं मऊ गुरगुट्या भात केला. आजोबांनी नव्या भाताचा वास घेऊन डोळे मिटले आणि हात जोडले. मग दोन घास खाऊन विचारलं, "आज घाटावल्यानं दळलं नाय काय?" ते पुढं आणखी दोन पावसाळे जगले.

त्या वर्षी गावाकडेही पाऊस बऱ्यापैकी झाला. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, आई मला बघायला आली. पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती, पहिल्यांदाच समुद्र बघणार होती. हातात नव्या बाजरीचं पीठ होतं. स्टेशनवर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तीच निम्मी झाली होती. चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. एवढी मनिऑर्डर येत असताना आई अशी का, ते मला कळेना. बहीण पत्रात लिहायची तेही तेव्हा नीट समजलं नव्हतं : आई भाकरी पुढ्यात घेते आणि तशीच ठेवून उठते.

मावशीनं त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं केलं. मासळी घरात आणलीसुद्धा नाही. आजोबा ओटीवर, आम्ही आत. आई पाटावर बसली, ताटाला हात जोडले, आणि तशीच बसून राहिली. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"काय झालं, बाय? आवडलं नाय?" मावशीनं विचारलं.

आई मान खाली घालूनच बोलली. "तसं न्हाई हो. एक इचारू? खरं सांगा. ह्यो दर म्हयन्याला एवढं पैसं धाडायचा. मी इचार करायची, ह्याच्या पगारात एवढं बसतंय कसं? माझा घास घशाखाली उतरायचा न्हाई. हितं ह्यो पोटभर जेवत हुता न्हवं?"

मी मावशीकडे बघितलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं नाही. हातातली पळी तिनं खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली :

"जेवत होता? अगो बाय, घर खाल्लान माजं! पयल्या दिसापासनं! टोप घासून घासून माजे हात झिजले. आता तू आलीस ते बरं झालं, घेऊन जा ह्याला!"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गालांवर हळूहळू हसू पसरलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं. मोडलेला तुकडा तिनं बिरड्यात बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. पहिली भाकरी संपली तेव्हा आईनं ताट थोडं पुढं सरकवलं आणि लाजत म्हणाली,

"आणखी एक वाढता का?"